सरांनी सोडलेल्या गोष्टी

सर घरी यायचे असले की मी आधी वही काढायची. माझ्याकडे सगळ्याच्या याद्या असतात. वाणसामान, औषधं, कुणाच्या लग्नात काय दिलं, कुणाकडे कुठला डबा राहिला. सरांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर होती. साखर नाही. मासे नाहीत. आंबा नाही. लिफ्ट नाही. शुक्रवारी पायात चप्पल नाही.

परक्या माणसाला ते एखाद्या पेशंटचं पथ्य वाटलं असतं. पण सर सत्तरीतही ठणठणीत होते. यातली एकेक गोष्ट त्यांनी एकेका पापाची शिक्षा म्हणून सोडली होती. शिक्षा देणारेही तेच.

साखर गेली, कारण पाण्याच्या मोटरवरून खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला त्यांनी आईवरून शिवी दिली होती. लिफ्ट गेली, कारण घाईत एका म्हातारीला ढकलून ते आत शिरले होते. एका रविवारी उपासना बुडवून ते सिनेमाला गेले आणि बायकोला सांगितलं की चर्चची मीटिंग होती, म्हणून मासे गेले. शुक्रवारची चप्पल कशापायी गेली ते मी विसरले, वहीत असेल. आंब्याची गोष्ट ते स्वतःहून सांगत. महापालिकेच्या शाळेत मास्तर असताना वर्गातला डस्टर हरवला म्हणून त्यांनी एका मुलाला छडीने मारलं. डस्टर दुसऱ्या दिवशी कपाटामागे सापडला. एप्रिल होता, घरात आंब्याची पहिली पेटी येऊन पडली होती. सरांनी त्यातला आंबा तोंडात घातला नाही आणि पुढे कधीच घातला नाही.

"आणि तो मुलगा?" मी एकदा विचारलं.

"कुठला?"

"ज्याने मार खाल्ला तो."

"त्याचं काय?"

सरांना माझा प्रश्नच कळला नव्हता. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही तो नीट कळला नव्हता.

त्यांच्या बायकोला मात्र कळला होता. एकदा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बाई एका शेगडीवर बोंबील तळत होत्या आणि दुसरीवर सरांसाठी दुधी शिजवत होत्या. मला म्हणाल्या, "सिनेमाला गेलो होतो, खोटं बोललो, असं मला येऊन सांगितलं असतं ना, तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. आता बघ. पाप ह्यांचं आणि जन्मभर दोन-दोन भाज्या मी करायच्या."

आतल्या खोलीतून सर म्हणाले, "देवाचा नियम आहे तो."

"देवाने तुम्हाला दुधी खायला सांगितलाय? कुठे लिहिलंय, दाखवा."

सर हसले. त्यांना विनोद कळायचा. त्यांना बरंच काही कळायचं, म्हणून तर राग येतो.

आमचं चर्च मुलुंडला, डोंगराच्या बाजूला. चर्चच्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो. बहुतेक घरं मूळची नगरकडची. सर मंडळीचे पंच होते, शब्बाथशाळेचे, म्हणजे रविवारच्या मुलांच्या वर्गाचे, प्रमुख होते, आणि गीतं त्यांच्याशिवाय सुरूच होत नसत. त्यांचा आवाज काय होता ते सांगणं कठीण आहे. कब्रस्तानात माती लोटताना सगळ्यांचे गळे दाटून आलेले असायचे, तेव्हा सर एकटे गायचे. पेटी नाही, माईक नाही. पाठीमागे उभी असलेली परक्या धर्माची माणसंसुद्धा मान खाली घालायची. आई म्हणायची, "माझ्या वेळेला सरांना पुढे उभं करा. बाकी कोण येतंय, कोण नाही, मला काही घेणं नाही."

शब्बाथशाळेत सर बायबलातल्या देवाच्या आज्ञा शिकवत. प्रत्येक मुलाने उभं राहून त्या आठवड्यात कुठली आज्ञा मोडली ते सांगायचं. मग सर विचारायचे, "शिक्षा काय घेतोस? तूच सांग." पोरं हुशार. कुणी कारलं सोडायचं, कुणी अभ्यास. सर गालात हसून म्हणायचे, "जे सोडताना दुखत नाही ती शिक्षा नाही. देव काय खुळा आहे?"

मी बारा वर्षांची होते आणि मला शिक्षा घ्यायला आवडायचं. आईला उलट बोलले म्हणून मी महिनाभर रिबीन सोडली. सरांनी सगळ्या वर्गासमोर मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "ही बघा. हिला आज्ञा कळली."

माझी धाकटी बहीण बेबी तेव्हा सहा वर्षांची. तिने शेजारणीच्या वेलावरच्या सगळ्या कळ्या तोडल्या होत्या. तिची पाळी आल्यावर ती म्हणाली, "मला शिक्षा नको. मी त्या काकूंना सॉरी म्हणून आले."

"सॉरी म्हणायला काय लागतं?" सर म्हणाले. "नुसती जीभ. ते फुकट असतं."

"फुकट नाय काय. मला किती भीती वाटली!"

सगळा वर्ग हसला. सरही हसले. बेबीला त्यांनी कोपऱ्यात उभं केलं. पुढे तिची आठवण आली की मला आधी ती कोपऱ्यातली दिसते. पाठमोरी, एका पायावर भार टाकून, जराही न लाजलेली.

बेबीने लग्न केलं ते बोरिवलीच्या एका मालवणी हिंदू मुलाशी. आजोबा गिरणीत, वडील बेस्टमध्ये, मुलगा कॉम्प्युटरवाला. कोर्टात सही करून लग्न झालं. आईने दोन दिवस तोंड फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी जावयासाठी मटण आणायला मला पिटाळलं. सर जेवायला आले नाहीत. विश्वासाबाहेर लग्न म्हणजे सरळसरळ आज्ञाभंग, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. "मी तिच्यावर रागावलेलो नाही. मी घाबरलोय. देव बघतोय, हे तिला अजून दिसत नाही."

दोन वर्षांनी बेबीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं.

हॉस्पिटलमधून तिला आम्ही मुलुंडला आईकडे आणलं. त्या दिवशीची यादी माझ्या अजून लक्षात आहे. डिस्चार्जचे कागद. कब्रस्तानाची परवानगी. जावयाच्या ऑफिसात फोन. बेबीसाठी पुढून उघडणारे गाऊन. पाचवी ओळ होती, दूध थांबवायच्या गोळ्या. बाळ नव्हतं, पण तिला दूध आलं होतं. अंगातून ताप निघत होता आणि गाऊन पुढून ओला होत होता. मी केमिस्टकडून गोळ्या घेऊन वर आले तेव्हा सर तिच्या पलंगासमोर खुर्चीवर बसले होते. आईने त्यांना बिनसाखरेचा चहा दिला होता.

ते फार हळू आवाजात बोलत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बेबी, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच शिक्षा करतो. त्याने तुला थांबवलंय. तू आज्ञा मोडलीस तेव्हा कुणी काही बोललं नाही, म्हणून तुला वाटलं चालतं. आता त्याचा हात दिसला ना? अजून दार बंद झालेलं नाही. पश्चात्ताप कर."

आई भिंतीला धरून उभी राहिली. बेबीने त्यांच्याकडे बघितलं. तिचे ओठ सुकले होते.

"सर, बाळाने कुठली आज्ञा मोडली होती?"

सर कपात बघत राहिले. मग सर म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." त्यांनी कप खाली ठेवला, हात जोडले, डोळे मिटले. आमच्यात प्रार्थना सुरू झाली की डोळे मिटतात. विचार करावा लागत नाही, ते होतं. आईने मिटले. मी मिटले. माझ्या मुठीत गोळ्यांची पट्टी होती आणि तिचा कोपरा तळव्याला टोचत होता.

आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा बेबी माझ्याकडे बघत होती. तिने मिटलेच नव्हते.

"ताई, गोळ्या दे," ती म्हणाली. एवढंच.

त्यानंतर बेबी चर्चमध्ये आली नाही. दर गुरुवारी सर आईकडे यायचे, म्हणून ती आईकडेही येईनाशी झाली. आईच बोरिवलीला जायची. मी सुरुवातीला दोनदा गेले. मग माझ्याकडे कारणं होती आणि ती सगळी खरी होती. मुलुंड आणि बोरिवलीच्या मध्ये अख्खा डोंगर आहे. वळसा घालून जायचं म्हणजे जायला दोन तास, यायला दोन तास. ऑफिस, मुलांच्या परीक्षा, मंडळीचं चिटणीसपद. दर रविवारी आठवड्याची यादी करताना मी "बेबी" असं लिहायची आणि पुढच्या रविवारी तोच शब्द नव्या पानावर उतरवायची. तिला नंतर मूल झालं नाही. मंडळीतल्या दोघीतिघींनी त्याचाही अर्थ लावला. सर त्यात नव्हते. सरांनी तिचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

त्याच सुमारास सर गायचे थांबले. घसा गेला, असं सगळे धरून चालले. वय झालं होतं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्र्यांनी, गीतं माझ्या नवऱ्याकडे सोपवली आणि सर तिसऱ्या बाकावर बसून नुसतं पुस्तक उघडं धरू लागले. ओठसुद्धा हलवत नसत. मी त्यांना ज्येष्ठमध पाठवला. त्यांनी परत पाठवला नाही, खाल्लाही नसावा.

चार वर्षांपूर्वी आई गेली. शेवटचे दीड महिने घरीच होती. त्या दीड महिन्यात सरांनी जे केलं ते मी नाकारणार नाही. रोज सकाळी ते चार मजले उतरून, चालत आमच्याकडे येत. आईची कूस बदलायला मला मदत करत, भांडं धरत, चादर धुवायला टाकत. सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलं. पण एका दुपारी आई शुद्धीत होती आणि म्हणाली, "सर, ते गा ना. एकच कडवं."

सरांनी मान हलवली.

"घसा कसाही असू दे हो. मला कुठे परीक्षा घ्यायची आहे?"

"नाही जमणार, बाई."

"अर्धं म्हणा."

सर उठून गॅलरीत गेले. मला त्यांची पाठ दिसत होती. मला वाटलं, बेबीमुळे. मुलगी विश्वासाबाहेर गेली, म्हणून आईचीही गणती पाप्यांत झाली. तीन दिवसांनी आई गेली तेव्हा उशाशी माझा मोबाइल होता आणि त्यावर कुणा अनोळखी गायकाचं तेच गीत लावलेलं होतं. मध्येच एक जाहिरात लागली, ती मी घाईघाईने बंद केली.

बेबी मातीला आली. सरांपासून लांब, नळापाशी उभी राहिली आणि माती टाकून निघून गेली.

या वर्षी सर जिन्यावरून पडले. लिफ्ट चालू होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय सटकला आणि खुबा मोडला. मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन दहा वर्षं झालेली. मी मंडळीतल्या घरांच्या पाळ्या लावल्या, कुणी सकाळचा डबा द्यायचा, कुणी रात्रीचा, आणि दिवसभर एक बाई ठेवली. तिला सरांचं चालत नाही ते लिहून द्यायला हवं होतं, म्हणून एका दुपारी वही घेऊन त्यांच्यापाशी बसले.

"पाळकसाहेब म्हणतात, सरांनी अजून दोन पापं केली तर सर उपाशी मरतील."

"म्हणू दे त्यांना. लिही, चिटणीसबाई."

"साखर, मासे, आंबा. शुक्रवारची चप्पल आता राहिलीच नाही. अजून काही?"

सर छताकडे बघत होते. "गाणं लिही."

"घशामुळे ना? ते लिहायला कशाला पाहिजे?"

"घशाला काय झालंय?" ते म्हणाले. "तुझ्या धाकटीला बोललो ना त्या दिवशी. त्याचं."

मला लिहिता येईना.

"आईने मागितलं होतं, सर."

"हो."

"एक कडवं मागितलं होतं तिने. मरताना."

"तोच तर सगळ्यात अवघड दिवस होता." त्यांचा आवाज चढला. त्यात अभिमान होता, मी खोटं कशाला सांगू? "गळ्यापर्यंत आलं होतं. पण मी शिक्षा मोडली नाही."

"कोणी दिली होती ही शिक्षा? देवाने?"

"शिक्षा नको? चूक केली तर भोगायला नको?"

"बेबीला माहीत आहे का?"

"देवाला माहीत आहे."

"देवाला बोलला होतात काय तुम्ही ते? बेबीला बोलला होतात!"

आयुष्यात पहिल्यांदा मी सरांवर आवाज चढवला होता. स्वयंपाकघरातून ती बाई डोकावून गेली. सर घाबरल्यासारखे झाले. "मी खोटं नव्हतो बोललो," ते पुटपुटले. "आज्ञा मोडलीच होती तिने. फक्त… त्या दिवशी बोलायचं नव्हतं. तिचा गाऊन ओला होता. मला दिसत होतं."

"एवढंच सांगा तिला. बाकीचं राहू द्या. हे एवढंच."

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या छातीवर ठेवला. तीनदा रिंग वाजली. वेदीवर अर्पण देण्याआधी जा आणि ज्याच्याशी बिघडलंय त्याच्याशी समेट कर, हे आम्हाला शिकवणारे हेच. किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेल.

"हॅलो? ताई?" बेबीचा आवाज आला. "काय गं? काय झालं?"

सरांनी तोंड उघडलं. मग हात जोडले आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. ते प्रार्थना करत होते.

"ताई? बोल ना. ऐकू येतंय का?"

या वेळी मी डोळे मिटले नाहीत. पण बोललेही नाही. फोन उचलला आणि म्हणाले, "काही नाही गं. चुकून लागला."

त्या फोननंतर अकराव्या दिवशी सर गेले. बाईने सांगितलं की शेवटच्या दिवशी त्यांनी पाणीही सोडलं होतं. कशाबद्दल, ते मला ठाऊक आहे. बेबीला द्यायचं ते पुन्हा देवालाच दिलं त्यांनी. कब्रस्तानात मी सगळं वेळेवर केलं. शवपेटी, फुलं, पाळकसाहेबांची गाडी. गीताच्या वेळी बाजाची पेटी एका पट्टीत आणि लोक दुसऱ्या. सर असते तर चिडले असते.

शनिवारी मी बोरिवलीला गेले. दार बेबीच्या सासूबाईंनी उघडलं. "इलंस? ये, बस," म्हणाल्या आणि आत गेल्या. बेबी जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. तिचे केस पुढून पांढरे झाले होते, हे मला माहीत नव्हतं.

"गेले ना ते? ऐकलं मी," ती म्हणाली. "मग आता काय, रडू मी?"

मी सोफ्यावर टेकले आणि सांगितलं. गाणं का सोडलं, आईला का नाही म्हणाले, फोन चुकून लागला नव्हता, सगळं. सांगून होईपर्यंत तिची मेथी तशीच हातात राहिली.

"माझ्यासाठी सोडलं?"

"हो."

"मला विचारलं होतं कुणी? मला पाहिजे होतं काय त्यांचं गाणं बंद व्हायला?" ती हसली, पण ते हसणं वाईट होतं. "मला बोलून घेतलं आणि वरती माझ्याच नावावर आईला रिकामं पाठवलं. आणि वर जाऊन देवाला सांगणार, बघ, मी किती सोसलं. वा रे वा!"

तिने हातातली मेथी पेपरावर टाकली.

"आणि तू, ताई? तू सरांची लाडकी. रिबीन सोडलेली. या खेपेला काय सोडलंस?"

ती टोमणा मारत होती. उत्तराची तिला अपेक्षा नव्हती. मी मात्र माझं उत्तर त्याच क्षणी ऐकलं, जसं काही कुणी दुसरंच बोललं.

"तुझ्याकडे येणं," मी म्हणाले.

बेबीने मान खाली घातली आणि मेथीची पानं भराभर खुडायला लागली. देठं कुठे, पानं कुठे, सगळं एकत्र पडत होतं.

"त्या दिवशी मी डोळे मिटले," मी म्हणाले. "गोळ्या हातात घेऊन उभी होते. सरांना दंडाला धरून बाहेर काढायला हवं होतं. मी डोळे मिटले. चुकलं माझं, बेबी."

"तेरा वर्षं लागली तुला हे बोलायला?"

"हो."

आतून सासूबाईंनी विचारलं, "गो, तुझी बहीण जेवान जातली मां?"

"नाही," बेबी वर न बघता म्हणाली. "ती निघेल आता. लांब जायचंय तिला."

घड्याळात साडेबारा वाजले होते. मुलुंडची बस सव्वाला होती, ते मी येतानाच लिहून ठेवलं होतं. मी खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली, सोफ्यावरून उतरून पेपराच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि देठांत गेलेली पानं वेचायला लागले. बेबी मला नको म्हणाली नाही. ये असंही म्हणाली नाही.